राहायला छान शहर बनतं कसं? जपानच्या तोयामाची गोष्ट



आज ऐकता ऐकता एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि जपान शोधा. टोकियो सापडलं? आता तिथून बोट डावीकडे वर सरकवत पलीकडच्या किनाऱ्यावर न्या, म्हणजे कोरिया आणि रशियाच्या बाजूच्या समुद्राकडे. तिथे जमिनीचा कुणी घास घेतल्यासारखा एक उपसागर दिसेल. त्याच्या पोटाशी जे शहर आहे, ते तोयामा. लोकसंख्या ४ लाखांच्या आसपास. बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसेल. पण तुम्ही लहानपणी ज्याच्यासमोर बसून जेवलात तो डोरेमॉन काढणारा माणूस याच प्रांताचा, शेजारच्या ताकाओका गावचा. तेव्हा अगदीच अनोळखी नाही म्हणायचं.

आता नकाशाचा सॅटेलाइट व्ह्यू लावा. शहराच्या पूर्वेला तातेयामाची रांग आहे. ओयामा शिखर ३००३ मीटर, त्याच्या शेजारचं ओनांजी ३०१५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जवळपास दोन कळसूबाई एकावर एक. आणि ही शिखरं शहरापासून सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या बाजूला उपसागर, तो हजार मीटरपेक्षा खोल. म्हणजे डोंगरमाथ्यापासून समुद्रतळापर्यंत चार हजार मीटरचा उतार, आणि त्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत भातशेती, घरं, ट्राम, शाळा, सगळं.

हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारा वारा समुद्रावरून ओलावा उचलतो आणि या डोंगरांना थडकतो. मग बर्फ. शहरात वर्षाला साधारण २३०० मिलिमीटर पाणी पडतं, मुंबईच्या आसपास. फरक इतकाच की आपल्याकडे चार महिन्यांत सगळं उरकतं आणि तिथे त्यातलं बरंच बर्फ होऊन डोंगरावर साठून राहतं. एप्रिलमध्ये वरचा घाटरस्ता उघडतात तेव्हा दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, काही वर्षी तर जवळजवळ २० मीटर उंच. त्याचे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. हेच बर्फ वितळून नद्यांत, भातखाचरांत, नळात आणि शेवटी उपसागरात जातं. वसंतात त्याच उपसागरात होतारु-इका नावाचे बोटभर लांबीचे स्क्विड वर येतात आणि रात्री निळे चमकतात. कोळ्यांच्या जाळ्यात तारे सांडल्यासारखे दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी ताटात. दोन्हीचं तिथल्या लोकांना सारखंच कौतुक.

त्यात घरं मोठी. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण जपानभरात सगळ्यात जास्त असलेल्या प्रांतांत तोयामा कायम वरच्या रांगेत असतो. टोकियोला बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांच्या आत पोचता येतं. त्यामुळे 'राहायला छान जपानी शहरं' असा कुठलाही व्हिडिओ काढा, त्यात तोयामा असतंच. डोंगर, समुद्र, स्वच्छ पाणी, शांत ट्राम. पार्श्वसंगीताला पियानो.

मी हे व्हिडिओ पाहतो तेव्हा एकच गोष्ट खटकते. त्यात हे सगळं निसर्गाने दिलं असं दाखवतात. निसर्गाने तोयामाला दिलं ते पाणी. आणि त्या पाण्याने हे शहर एकदा गाळात गाडलंय, कितीतरी वेळा बुडवलंय, आणि एकदा, माणसाच्या कृपेने, विष पाजलंय. आजचा भाग त्याबद्दल.

सुरुवात १८५८ पासून करू. आपल्याकडे सत्तावनचं बंड नुकतंच मोडत होतं, त्या काळात तोयामाच्या डोंगरात मोठा भूकंप झाला. तातेयामाच्या पोटात एक जुनी, झिजून खोलगट झालेली ज्वालामुखी दरी आहे. तिच्या काठचा तोम्बी डोंगर ढासळला आणि जोगानजी नदीचं पाणी अडलं. आपोआप मातीची धरणं तयार झाली. आठवड्यांनी ती फुटली. चिखल, दगड, झाडं असं सगळं मैदानावर आलं. शंभराहून जास्त माणसं गेली, गावं पुसली गेली, शेतं दगडांखाली. आणि गोष्ट तिथे संपली नाही. कारण डोंगरात सैल झालेली माती तशीच पडून होती, आणि पुढची कित्येक दशकं प्रत्येक मोठ्या पावसात ती खाली येत राहिली.

जोगानजी नदीची लांबी फक्त ५६ किलोमीटर. एवढ्यात ती जवळपास तीन हजार मीटर खाली उतरते. आपली गोदावरी आठवा, १४६५ किलोमीटर वाहते आणि उगम जेमतेम हजार मीटरवर. त्यामुळे 'नदीकाठी संस्कृती फुलते' वगैरे आपण शाळेत शिकलो ते तिथे जरा जपूनच म्हणावं लागतं. १८९१ च्या पुरानंतर जपान सरकारने योहानिस दे रेके या डच इंजिनियरला तिथे पाठवलं. त्याने काय केलं? नदीचे बांध तर हलवलेच, पण एक साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली: शेतकऱ्यांनी पाटांसाठी नदीच्या काठाला जागोजागी तोंडं पाडली होती, आणि पूर आला की बांध नेमका तिथेच फुटायचा. मग ही वेगवेगळी तोंडं बंद करून वरच्या बाजूला एकच मोठं तोंड काढलं, आणि तिथून सगळ्या पाटांना पाणी. पाणी वाटून घेण्यावरून ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं होती, त्यांना एका पाटावर आणायचं, हे बांध घालण्यापेक्षा अवघड काम असणार. पाटकऱ्याशी ज्याचा कधी संबंध आलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

डोंगरातला गाळ अडवायचं काम १९०६ साली प्रांताने हाती घेतलं. पैसे पुरेनात, बांधलेलं वाहून जाई. १९२६ पासून ते केंद्र सरकारकडे गेलं. १९३९ मध्ये शिराइवा नावाचा ६३ मीटर उंच गाळबांध पुरा झाला. आणि काम अजून चालू आहे! आज, तुम्ही हे ऐकताय तेव्हाही. शंभर वर्षांहून जास्त. सरकारी अंदाज असा की त्या दरीत अजून २० कोटी घनमीटर सैल माती पडून आहे. इन्स्टाग्रामवर ज्या डोंगराचा फोटो पडतो त्याच्या मागच्या बाजूला दर उन्हाळ्यात माणसं जाऊन डोंगर जागेवर धरून ठेवायचं काम करतात, असं समजा.

दुसरी नदी जिंझू. हिचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ही शहरातून जात होती, किल्ल्याला वळसा घालून, आणि त्या वळणावर दरवेळी पूर. १९०१ ते १९०३ मध्ये वळण कापून तिला सरळ वाट काढून दिली. जुनं पात्र शहराच्या मधोमध ओसाड पडलं, शहराचे दोन तुकडे. मग १९३० च्या दशकात बंदरापर्यंत फुगान नावाचा कालवा खणला, आणि त्यातून निघालेल्या मातीने जुनं पात्र भरून काढलं. आज प्रांताचं मुख्य कार्यालय आहे ते या भरावावर, १९३५ साली बांधलेलं. कालव्याचं पुढे काय झालं? ट्रक आले, लाकडाची वाहतूक थांबली, पाणी घाण झालं. मधल्या काळात तो बुजवून रस्ता करायचं ठरत होतं. आपल्या कुठल्याही शहरात हे झालं असतं, नव्हे झालंच आहे. तिथे बेत बदलला आणि बाग झाली. त्या बागेतलं कालव्याकाठचं स्टारबक्स आता जगभर फोटोंसाठी प्रसिद्ध आहे. रांगेत उभं राहून कॉफी घेणाऱ्यांना आपण एका वाचलेल्या नाल्याकाठी उभे आहोत हे माहीत असेल का, कोण जाणे.

जरा हलकं काहीतरी घेऊ. तोयामाची जुनी ओळख म्हणजे औषधं. एदो काळापासून इथले फिरते औषधविक्रेते पाठीवर पेटी बांधून जपानभर चालत जायचे. धंद्याची रीत फार मजेशीर होती. घरात औषधांचा डबा ठेवून जायचे, पैसे घ्यायचेच नाहीत. वर्षभराने परत यायचं, डबा उघडायचा, जेवढं वापरलं तेवढ्याचेच पैसे, जुनं काढून नवीन भरायचं. 'आधी वापरा, नफा नंतर', असं तत्त्व. प्रत्येक घराची नोंद एका वहीत: घरात किती माणसं, कुणाला काय दुखतं, काय खपलं. ही वही इतकी मोलाची की ती विकता यायची! आजच्या भाषेत युजर डेटा. आणि पोरांसाठी भेट म्हणून कागदी फुगे. म्हणजे कस्टमर लॉयल्टी प्रोग्रॅमसुद्धा.

या औषधवाल्यांची मजल लांब होती. उत्तरेतल्या होक्काइदोहून जहाजांनी कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ तोयामाला यायचं. औषधवाल्यांमार्फत ते दक्षिणेतल्या सात्सुमा संस्थानाकडे, तिथून ओकिनावामार्गे चीनला, आणि बदल्यात चीनची औषधी द्रव्यं परत तोयामाला. हे सगळं शोगुनच्या डोळ्याआड, अर्थातच. तोयामातली माणसं आजही कोम्बूवर इतकी खूश असतात त्यामागे हा चोरटा व्यापार आहे. पुढे औषधांतून आलेल्या पैशांवर वीज उभी राहिली. १८९९ मध्ये एका औषधव्यापाऱ्याच्या पुढाकाराने इथे जलविद्युत केंद्र सुरू झालं. ज्या उताराने शतकानुशतकं रडवलं त्यावरच दिवे लागले. औषधांच्या बाटल्यांमुळे काचकाम वाढलं. आज शहरात केंगो कुमा या वास्तुकाराने उभारलेलं काचकलेचं संग्रहालय आहे ते त्या बाटल्यांचं नातवंड.

स्वस्त वीज आली म्हणून कारखाने आले. कारखाने होते म्हणून १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री अमेरिकेची बी-२९ विमानं आली. पहाटेपर्यंत ठरवलेल्या भागाचा ९९.५ टक्के हिस्सा जळून गेला होता. २७०० हून जास्त माणसं मेली, कितीतरी जिंझूच्या पात्रात, कारण आगीपासून पळून लोक नदीकडेच धावले. चार दिवसांनी हिरोशिमा झालं आणि जगाला तोयामा आठवायला वेळच मिळाला नाही. दरवर्षी १ ऑगस्टला त्याच नदीकाठी आतषबाजी होते. पाहुण्यांना तो उन्हाळी सोहळा वाटतो. तारखेचं कारण तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

आता जिंझू नदीच्या मुख्य गोष्टीकडे येतो. इथे जरा थांबून बोलणार आहे.

जिंझू वरच्या गिफू प्रांतातल्या डोंगरांतून येते. तिथे कामिओका नावाची खाण होती, मित्सुई कंपनीची. जस्त आणि शिसं निघायचं. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतं, ते त्या काळी टाकाऊ. युद्धाच्या काळात उत्पादन वाढवलं, आणि टाकाऊ गाळ नदीत. खाली मैदानात, आता तोयामा शहरात सामील झालेल्या फुचू भागात, त्याच नदीच्या पाटाचं पाणी भाताला जायचं आणि घरात प्यायलाही वापरायचे. तांदळात कॅडमियम, माणसात कॅडमियम.

ते आधी किडनी खराब करतं. मग हाडांतला चुना जातो. आणि हे सगळ्यात जास्त कुणाला झालं? बायकांना. मध्यमवयाच्या, चार-पाच बाळंतपणं झालेल्या, आयुष्यभर भातात वाकून राबलेल्या शेतकरी बायकांना. हाडं इतकी ठिसूळ की खोकला आला तरी बरगडी मोडायची. एका बाईच्या अंगात ७२ ठिकाणी हाडं मोडलेली सापडली, उंची ३० सेंटिमीटरने कमी झालेली. त्या फक्त 'इताई, इताई' म्हणायच्या. म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. आजाराला नाव तेच पडलं, इताई-इताई रोग. १९५५ मध्ये ते वर्तमानपत्रात आलं.

त्याआधी लोक याला काय म्हणायचे? पूर्वजन्मीचं पाप. घराण्याचा दोष. म्हणून घरचे आजारी सासूला आतल्या खोलीत लपवायचे, नाहीतर पोरांची लग्नं जमणार नाहीत. हे ऐकताना परकं वाटत नाही ना? मलाही वाटलं नाही.

गावातला डॉक्टर, हागिनो नोबोरू, युद्धावरून १९४६ मध्ये परत आला आणि वडिलोपार्जित दवाखान्यात बसला. असे पेशंट एकामागून एक येताना पाहून त्यांनी एक साधं काम केलं: नकाशावर प्रत्येकीच्या घरी ठिपका दिला. दोन बाजूंना कुमानो आणि इदा या नद्या. त्यांच्या पाण्यावरच्या गावांत रुग्ण नाहीत. मधे, जिंझूचा पाट जिथे जिथे जातो, तिथेच ठिपके. १९५७ साली त्यांनी जाहीर सांगितलं की हे खाणीच्या पाण्यामुळे होतंय. लोकांनी त्यांनाच झोडपलं. प्रसिद्धीचा हव्यास म्हटलं, गावाची बदनामी करतो म्हटलं. आमचा तांदूळ कोण घेणार? मग शेतीतज्ज्ञ योशिओका किनइची आणि ओकायामा विद्यापीठाचे कोबायाशी जुन सोबतीला आले. हाडं, तांदूळ, पाणी सगळं तपासलं आणि १९६१ मध्ये कॅडमियमचं नाव पुढे आलं.

१९६६ मध्ये रुग्णांच्या कुटुंबांनी संघटना केली. पुढारी होते कोमात्सु योशिहिसा, शेतकरी. मार्च १९६८ मध्ये २८ जणांनी मित्सुईवर दावा लावला. मित्सुई म्हणजे जपानच्या सगळ्यात जुन्या आणि बड्या व्यापारी घराण्यांपैकी एक, हे लक्षात घ्या. हरलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, अशी त्या शेतकऱ्यांची अवस्था होती. त्यांच्या मदतीला देशभरातून वकील आले, त्यात बरेचसे अगदी तरुण. दावा लावून दोन महिने होताहेत तोच, मे १९६८ मध्ये, सरकारने हा प्रदूषणाने झालेला रोग असल्याचं मान्य केलं. जपान सरकारने असं मान्य केलेला हा पहिला आजार.

कोर्टात कंपनी म्हणाली, कॅडमियम शरीरात नेमकं कसं, कुठे, किती काम करतं हे कणाकणाने सिद्ध करा. हे म्हणणं चाललं असतं तर खटला कधीच संपला नसता, आणि आजारी बायका तोवर राहिल्या नसत्या. कोर्टाने ते मानलं नाही. रोग कुठे पसरलाय, कुणाला होतोय, पाण्याशी त्याचा मेळ कसा बसतोय, एवढं भक्कम असेल तर कारण सिद्ध झालं. म्हणजे एका अर्थाने हागिनोंचे ते ठिपकेच जिंकले. खाणकायद्यात आणखी एक सोय होती: नुकसान झालं हे दाखवलं की पुरे, कंपनीचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करायला नको. ३० जून १९७१, गावकरी जिंकले. त्या काळी जपानमध्ये प्रदूषणाचे चार मोठे खटले चालू होते, त्यातला हा पहिला निकाल. कंपनी वर गेली. ९ ऑगस्ट १९७२, तिथेही गावकरीच जिंकले.

इथपर्यंतची गोष्ट जपानच्या शाळेच्या पुस्तकात आहे. माझ्या मते खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. १० ऑगस्ट १९७२ ला गावकरी टोकियोला मित्सुईच्या मुख्य कार्यालयात गेले आणि दिवसभर बसून कंपनीकडून तीन कागदांवर सही घेऊन उठले. एक भरपाईचा. एक विषारी झालेल्या जमिनी दुरुस्त करून देण्याचा. आणि तिसरा, सगळ्यात भारी: गावकऱ्यांना वाटेल तेव्हा, त्यांना हवे ते तज्ज्ञ घेऊन, कारखान्यात शिरून तपासणी करता येईल, कागदपत्रं बघता येतील, आणि या तपासणीचा खर्च कंपनी देईल.

परत वाचा हवं तर. ज्याने विष सोडलं त्याच्या पैशाने, ज्यांनी विष प्यालं ते त्याची झडती घेणार. आणि ती झडती १९७२ पासून दरवर्षी चालू आहे. ज्यांच्या आज्यांची हाडं मोडली ते नातू आता हेल्मेट घालून वर जातात, पाइपांखाली वाकून बघतात, पाण्याचे नमुने घेतात, प्रश्न विचारतात. सुरुवातीला अर्थातच वातावरण तंग. हळूहळू कंपनीच्या इंजिनियरांनाही याचा फायदा कळला. कुठून गळतंय हे दोघं मिळून शोधायला लागले. आज जिंझूच्या पाण्यातलं कॅडमियम नैसर्गिक पातळीच्या आसपास आहे.

सगळं सरळ झालं नाही. १९७५ च्या सुमारास 'कॅडमियमचा काही संबंध नाही, उगाच बाऊ केलाय' असं म्हणणारे लेख आणि पुढारी निघाले, आणि रुग्ण म्हणून मान्यता मिळणं पुन्हा अवघड झालं. मान्यता मिळालेल्यांची एकूण संख्या सुमारे २००. हाडं मोडली नाहीत पण किडनी गेली, अशांना त्यात जागाच नव्हती. कंपनीशी शेवटचा समझोता झाला तो १७ डिसेंबर २०१३ ला, तेव्हा या लोकांना प्रत्येकी ६ लाख येन मिळाले. पहिल्या निकालानंतर ४२ वर्षांनी.

आणि जमीन? ८६३ हेक्टर भातजमीन दुरुस्त केली. कशी? वरची विषारी माती खाली पुरायची, वर स्वच्छ मातीचा थर द्यायचा, खाचर पुन्हा बांधायचं. एक खाचर, मग दुसरं. २०१२ मध्ये हे काम संपलं. तीसहून जास्त वर्षं आणि ४ हजार कोटी येनांहून जास्त खर्च. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इताई-इताई रोगाचं संग्रहालय शहरात उघडलं. मी तिथे गेलो होतो तेव्हा एक शाळेची सहल आली होती. पोरं इकडेतिकडे दंगा करत होती, सहलीत करतात तसाच. एका मांडणीसमोर, आजीला घरचे उचलून नेतायत तिथे, आपसूक गप्प झाली. बाहेर आल्यावर पुन्हा दंगा. बाजूलाच ओळीने भाताची खाचरं, पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब. फोटो काढला मीही.

अवांतर: त्याच कामिओका खाणीच्या पोटात, हजार मीटर खाली, आता ५० हजार टन अतिशुद्ध पाण्याची टाकी आहे, न्यूट्रिनो पकडायला. त्या खाणीतल्या संशोधनाला दोन नोबेल मिळाली, २००२ आणि २०१५. पाणी घाण करणारी खाण जगातलं अतिशय शुद्ध पाणी सांभाळते. असली कलाटणी गोष्टीत लिहिली तर संपादक म्हणेल, जरा जास्तच होतंय.

आता ट्रामकडे, कारण ते ऐकायला बरेच जण थांबले असतील. मोठी घरं, स्वस्त जमीन, प्रत्येकाकडे गाडी. त्यामुळे तोयामा विस्कटत गेलं. जपानच्या प्रांतीय राजधान्यांत सगळ्यात विरळ वस्तीचं शहर झालं. मधला बाजार ओस. म्हाताऱ्यांना गाडी चालवता येईना, आणि विखुरलेल्या प्रत्येक रस्त्यावरचं बर्फ काढायला महापालिकेला पैसे पुरेनात. २००२ मध्ये महापौर झालेले मोरी मासाशी म्हणाले, शहर परत आवळायचं. त्यासाठी त्यांनी खाण्यातली उपमा काढली: काडीला टोचलेले दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे. वस्त्या हे गोळे, ट्राम ही काडी. बंदराकडे जाणारी मरायला टेकलेली रेल्वेलाइन होती, तासाला एखाद-दुसरी गाडी. ती घेऊन २९ एप्रिल २००६ ला ट्राम सुरू केली, दर १५ मिनिटांनी. कामाच्या दिवसांतले प्रवासी दुप्पट झाले. २००९ मध्ये शहरात वर्तुळाकार ट्राम आली, २०२० मध्ये स्टेशनखालून उत्तर-दक्षिण मार्ग जोडले. ६५ च्या पुढच्यांना शहरात यायला १०० येनचं तिकीट. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आले तर प्राणिसंग्रहालय फुकट. ट्रामजवळ राहणारे लोक २००५ मध्ये २८ टक्के होते, ते ४२ वर न्यायचं ध्येय ठेवलं. मला यातली ही नातवंडांची युक्ती सगळ्यात आवडते. कुणावर सक्ती नाही, फक्त आजोबांना घराबाहेर पडायला एक निमित्त.

स्वर्ग समजू नका मात्र. २०१६ मध्ये याच शहराच्या १४ नगरसेवकांना राजीनामे द्यावे लागले, खोट्या पावत्या लावून भत्ते उचलले म्हणून. छापखान्याची बिलं, चहापाण्याची बिलं. ओळखीचं वाटलं ना? लोकसंख्या घटतेय. तरुण मुली टोकियोला जातात त्या परत येत नाहीत. डोंगरात बीचची फळं धरली नाहीत की शरद ऋतूत अस्वलं वस्तीत उतरतात, आणि ते दिसतं तेवढं गोंडस नसतं. १ जानेवारी २०२४ ला शेजारच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. तोयामातही जमीन फाटली, आणि उपसागराच्या तळाचा उतार घसरून काही मिनिटांत त्सुनामी आली. त्यानंतर इथली प्रसिद्ध पांढरी कोळंबी जाळ्यात खूपच कमी आली.

त्या भूकंपानंतर जिंझूकाठच्या लोकांना अर्थातच कामिओका आठवलं. खाणकाम २००१ मध्येच थांबलंय, पण शंभर वर्षांचा टाकाऊ गाळ वर दरीत बांध घालून रचून ठेवलेला आहे. आणि ज्या भ्रंशरेषेने १८५८ मध्ये तोम्बी डोंगर पाडला ती आतोत्सुगावा भ्रंशरेषा त्याच कामिओकाजवळून जाते. झडतीला जाणारे लोक आता पाण्याच्या नमुन्यांबरोबर ते बांधही बघून येतात.